मधला पत्ता

पत्ते उलटायच्या आधीच मॅनेजर आकडा बोलून गेला. "तीन महिने म्हणजे डोक्यावरून पाणी," असं म्हणून त्याने पेनाला टोपण लावलं आणि खुर्चीत मागे टेकला. माणूस वाईट नाही. त्याच्या मनातही काही नव्हतं, सहज बोलून गेला. पण टेबलाभोवती बसलेल्या आम्हा चौघांचे हात होते तिथेच थांबले. टीमची लीड, जिला वय तिशीचं असूनही सगळे आजी म्हणतात, तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. माझ्या हातात तेराचा पत्ता होता. तेरा आठवडे, म्हणजे तीनच महिने. मॅनेजर बोलायच्या आधीच मी तो काढून ठेवला होता, त्यामुळे माझ्यावर त्याच्या बोलण्याचा परिणाम झाला असं म्हणता आलं नसतं. तरी जिना संपला असं समजून पाऊल टाकावं आणि अजून एक पायरी निघावी, तसं झालं.

आमच्याकडे एखादं काम किती दिवसांत होईल हे पत्त्यांवर ठरतं. बाहेरच्या माणसाला सांगितलं तर त्याला वाटतं आम्ही जुगार खेळतो, आणि ते अगदीच चूक आहे असंही नाही. प्रत्येकाकडे एक छोटा गठ्ठा असतो. त्यात राजा-राणी नसतात, आकडे असतात, एकपासून वाढत वाढत तेरा, वीस, चाळीस, शंभरपर्यंत. एक पत्ता प्रश्नचिन्हाचा. एकावर नुसतं कपाचं चित्र, म्हणजे डोकं चालेनासं झालंय, चहा पिऊन येऊ. काम समजून घ्यायचं, आपापला पत्ता पालथा ठेवायचा आणि मग सगळ्यांनी एकदम उलटायचा. ज्याचा आकडा सगळ्यात मोठा आणि ज्याचा सगळ्यात लहान, त्या दोघांनी कारण सांगायचं. मधल्यांनी ऐकायचं. मग पुन्हा पत्ते. एकच नियम सगळे मनापासून पाळतात, की पत्ते उलटेपर्यंत कोणी आकडा तोंडातून काढायचा नाही. कारण एकदा तो कानावर पडला की त्याच्या बाहेरचा विचारच करता येत नाही. माणूस त्याच्याच आजूबाजूला घुटमळत राहतो, थोडा अलीकडे, थोडा पलीकडे. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी हे किती वेळा पाहिलंय. आणि तरी, माझ्या घरच्या गोष्टीत हा नियम मोडला गेला तेव्हा मला काही करता आलं नाही.

डॉक्टरांच्या टेबलावर यकृताचा प्लास्टिकचा नमुना होता. त्याचे दोन भाग होते आणि ते नीट बसत नव्हते. डॉक्टर बोलत होते आणि माझी बायको ते दोन भाग एकमेकांत बसवायचा प्रयत्न करत होती. तिचे हात रिकामे राहायचेच नाहीत. कपडे दुरुस्त करायची ती, बाहेरच्या खोलीत मशीन टाकून. पँट कमी करणं, झिपा बदलणं, कोटांची अस्तरं. डॉक्टर म्हणाले, "नक्की कोणीच सांगू शकत नाही. पण साधारण तीन महिने धरून चला." धरून चला म्हणाले. आमच्या मॅनेजरसारखाच सरळ माणूस होता तोही. बायकोने नमुना खाली ठेवला आणि विचारलं, "कुठल्या शनिवारी?" डॉक्टरांना काही कळलं नाही, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला हसू आलं. त्या खोलीत, त्या बातमीवर, मी तोंडावर हात ठेवून हसलो आणि मग ते हसू थांबेना. डॉक्टरांनी मला पाणी दिलं, तिला नाही.

शनिवारचं असं होतं की ती सगळ्यांना शनिवारच सांगायची. कोणी कोट घेऊन आलं, कधी मिळेल म्हणून विचारलं, की ही म्हणायची, "शनिवारी या." शनिवारी बेल वाजायला लागली की अर्धी कामं झालेली असायची, अर्धी नाही. ज्याचं झालेलं नसेल तो आला की ही न्हाणीघरात जाऊन नळ सोडायची आणि मी दारात. "अंघोळ करतेय ती," मी सांगायचो. एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले होते, "फारच स्वच्छ आहेत हो तुमच्या मिसेस." मी तिला म्हणायचो, अगं, तू शिकून घे माझ्याकडून. आधी काम बघायचं, त्याचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला वेळ लावायचा, वर थोडा राखून ठेवायचा, मग तारीख द्यायची. त्यावर ती दातात धागा धरूनच म्हणायची, "तुझ्या तारखा तरी कुठे खऱ्या होतात?" ते खरं होतं. "मग तुमच्यात आणि माझ्यात फरक काय?" मी म्हणायचो, आम्ही नळ सोडत नाही. "म्हणून तर शिव्या खाता," ती म्हणायची. शनिवारच का, असंही मी विचारलं होतं एकदा. म्हणाली, "शनिवार ऐकला की माणसाचा चेहरा जरा सैल पडतो. तेवढं तरी त्याला घेऊन जाऊ दे."

"काका," आजी म्हणाली, "तुमचं झालं?" मी तेराचा पत्ता पालथा ठेवला. माझ्या शेजारी होतंय बसला होता. त्याचं नाव होतंय पडलं, कारण कुठल्याही कामाचं काय झालं विचारलं की तो म्हणतो, होतंय, होतंय. त्याने पत्ता ठेवला. समोर टेस्टिंगवाला, ज्याला आम्ही शंकासुर म्हणतो, तो अजून पत्ते चाळत होता. त्याने चाळून संपवेपर्यंत माझ्याकडे वेळ होता, आणि मला अलीकडे असा रिकामा वेळ मिळालेला चालत नाही.

मीटिंगच्या आधी आजीने मला चहाच्या मशीनपाशी गाठलं होतं. मशीन गुरगुरत होतं आणि ती हळू आवाजात बोलत होती. "काका, आज तुम्ही बोललात तर बरं होईल. मी जास्त सांगितलं की ते म्हणतात, ही नवीन आहे, घाबरते. हे काम आपल्यात फक्त तुम्हाला माहितीय. आतून." मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "बघू नका, प्लीज. मागच्या वेळचं आठवतंय ना?" मागच्या वेळचं सगळ्यांना आठवतं. मागच्या प्रोजेक्टला आम्ही चार महिने दिले होते आणि ते काम काही केल्या संपेना. होतंय खुर्चीतच झोपायला लागला. शंकासुराला अंगभर पुरळ उठलं, आणि आजीने लग्न पुढे ढकललं. आता ते येत्या मोसमात आहे, आणि पुन्हा पुढे गेलं तर मुलगा थांबेल असं वाटत नाही, असं ती चहाच्या कपाकडे बघत म्हणाली. मग हसली. "थांबेल हो. पण त्याची आई नाही थांबणार."

मी बोलत नाही, हे तिच्या लक्षात आलं होतं. बायको गेल्यावर ऑफिसात परत आलो तेव्हापासून मी मधला पत्ता टाकतो. ही युक्ती मला कोणी शिकवली नाही. इतक्या वर्षांत एवढं कळतं की कोण काय टाकणार. होतंय नेहमी कमी, शंकासुर नेहमी जास्त. त्यांच्या मधला पत्ता टाकला की कोणी आपल्याला कारण विचारत नाही. दोघं भांडतात, आपण मान हलवायची, की झालं. आणि सगळे माझ्याशी फार जपून वागत होते. मी चुकीचं काही बोललो तरी कोणी खोडत नव्हतं. मी आल्यावर खोलीतला आवाज कमी व्हायचा, लिफ्टमध्ये मला पुढे जाऊ द्यायचे. मला वाटत राहिलं की मी कुठल्या तरी जाड काचेच्या मागे आहे आणि काच त्यांनीच धरली आहे, माझ्या भल्यासाठी. मागच्या प्रोजेक्टलाही मी मधलाच पत्ता टाकला होता.

तीन महिने. मी ऑफिसातून तीन महिन्यांची रजा काढली होती. आमच्यासारखा माणूस दुसरं काय करणार? आकडा मिळाला, त्याप्रमाणे आखणी केली. मुलगी येऊन राहिली. मेहुणी लांबून आली, बहिणीचा हात धरून बसली, जाताना दोघी रडल्या, आणि मेहुणी दारापर्यंत तीनदा जाऊन परत आली. शेजारी येऊन गेले. तिच्या गिऱ्हाइकांपैकीही कोणी कोणी आले. ज्यांचे कपडे राहिले होते ते म्हणाले, राहू दे हो, घाई नाही. सगळं ठरल्यासारखं पार पडलं. आणि मग तीन महिने झाले. चौथा लागला. बायको सकाळी उठून खिडकीत बसायची, चहा मागायची, वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायची. मेहुणीचा फोन यायचा, तर तिला काय बोलावं कळायचं नाही. एक दिवस बायको मला म्हणाली, "मला बाई फार अवघडल्यासारखं झालंय. स्टेशनवर सगळ्यांचा निरोप घेऊन झालाय, लोक हात हलवून दमलेत, आणि गाडी काही सुटत नाही." मी म्हटलं, असं बोलू नकोस. "अरे, गंमत सांगतेय. तुमचं काम वेळेत झालं नाही की तुम्ही काय करता?" मी म्हटलं, नवी तारीख देतो. "मग दे ना," ती म्हणाली. "तुझे ते पत्ते काढ. आधी बोलायचं नाही ना? मी नाही बोलणार."

मी गठ्ठा काढला. तो माझ्या बॅगेतच असायचा. दुपार होती, स्वयंपाकघराच्या टेबलावर ऊन पडलं होतं आणि त्यात भाजी चिरल्याचे जुने चरे दिसत होते. एकच गठ्ठा, म्हणून आधी तिने एक पत्ता काढून पालथा ठेवला, मग उरलेल्यातून मी. माझा हात शंभरवर गेला. गठ्ठ्यात त्याहून मोठा पत्ता नसतो. असता तर तो टाकला असता. शंभर काय, आठवडे की महिने, ते मी मनातही ठरवलं नव्हतं. "उलट," ती म्हणाली. आम्ही उलटले. माझा शंभर. तिचा कप.

"याचा अर्थ काय होतो माहीत आहे का तुला?" मी विचारलं. ती म्हणाली, "कपाचं चित्र आहे. चहा कर." मी उठून चहा ठेवला. माझी पाठ तिच्याकडे होती आणि मी ती तशीच ठेवली, पाणी उकळून अर्धं होईपर्यंत. मी तिला पूर्वी कधीतरी तो अर्थ सांगितला होता की नाही हे मला आजही आठवत नाही. मी पुष्कळदा आठवून पाहिलंय. आकडे नको झालेत, आता पुरे, जरा थांबू या, असं तिला म्हणायचं होतं, की तिला खरंच चहा हवा होता? दोन्ही असेल. चहा पिताना ती म्हणाली, "तुझ्या आणि माझ्या पत्त्यात फारच फरक पडला. आता कारण सांगावं लागेल." मी म्हटलं, आधी तू सांग. ती म्हणाली, "शनिवारी सांगते." नंतर तिने तो कपाचा पत्ता बाहेरच्या खोलीत नेला आणि मशीनच्या वरच्या भिंतीवर टाचणीने टोचून ठेवला. अजून तिथेच आहे. ती त्यानंतर पूर्ण उन्हाळा होती. माझी रजा संपली होती, मी तिच्या मशीनशेजारी लॅपटॉप उघडून बसायचो, आणि ती पडल्या पडल्या माझ्या मीटिंगा ऐकायची. "तो होतंय फार थापा मारतो रे," म्हणायची, "पण आवाज गोड आहे."

ती गेल्यावरही शनिवारी बेल वाजायची. सगळ्यांना कळलं नव्हतं. मी दारात जायचो, आणि मागे न्हाणीघरातला नळ वाजत नसायचा. ज्यांचे कपडे झाले होते त्यांना ते दिले. झाले नव्हते त्यांचे तसेच परत केले, खडूच्या रेघांसकट. लोक घडी उलगडून ती रेघ बघायचे आणि पुन्हा घडी घालायचे. एक करडा कोट मात्र राहिलाय. अस्तर अर्धं उसवलेलं, आत तिच्या टाचण्या. तो न्यायला अजून कोणी आलेलं नाही. मुलगी फोनवर विचारते, "बाबा, ती खोली आवरायला तुम्हाला किती दिवस लागतील? मी सुट्टी काढून येते." मी म्हणतो, होईल गं. ती म्हणते, "होईल म्हणजे कधी? तुमचं कामच आहे ना हे सांगणं?"

शंकासुराने अखेर पत्ता ठेवला. "चला," आजी म्हणाली. तिचा आवाज सपाट होता. माझा पत्ता काय असणार हे तिला माहीत होतं. मी टेबलावरच्या त्या चार पालथ्या पत्त्यांकडे पाहिलं आणि मला खात्रीने कळलं की चारही तेराच आहेत. शंकासुराचासुद्धा. नेहमी जास्त टाकणारा तो, पण कानावर तीन महिने पडले होते. आता चारही तेरा उलटणार, मॅनेजर म्हणणार, बघा, एकमत, आणि वरच्यांना फोन करणार. कोणालाच बोलावं लागणार नाही, कारण सगळ्यात मोठा कोणी नाही आणि लहान कोणी नाही. मग पावसाळा संपता संपता होतंय खुर्चीत झोपलेला असणार, आणि आजी कोणाला तरी फोनवर हळू आवाजात समजावत असणार.

"थांबा," मी म्हटलं. "मला बदलायचाय."

"एकदा ठेवला की ठेवला," होतंय म्हणाला. मग माझ्याशी आपण असं बोललो हे त्याच्या लक्षात आलं. "म्हणजे, घ्या ना काका, घ्या बदलून."

मी तेरा उचलला आणि दुसरा ठेवला. सगळ्यांनी उलटले. तेरा, तेरा, तेरा, चाळीस.

बाहेर कोणाचा तरी प्रिंटर चालू होता. मॅनेजर पुढे झुकला आणि फार हळुवारपणे म्हणाला, "काही हरकत नाही. थकला असाल. आपण तुमचा धरायचा नाही, असंही करता येईल."

"धरा," मी म्हटलं. "ज्याचा आकडा मोठा, त्याने कारण सांगायचं असतं. सांगतो."

आणि मग मी बोलायला लागलो. सुरुवातीला माझा मलाच आवाज परका वाटला. हे काम म्हणजे गोदामं असलेल्या एका कंपनीचं. कुठला माल कुठे आहे हे सांगणारं त्यांचं जुनं सॉफ्टवेअर काढून नवं बसवायचं. जुन्यातला बराच भाग मी तरुण असताना लिहिलाय. मी म्हटलं, माल आत येतो आणि माल बाहेर जातो, एवढं तेरा आठवड्यांत होईल, होतंय एकटा करेल. पण परत येतो त्याचं काय? परत आलेला माल कागदावर कुठेच दिसत नाही. अर्धं खोकं परत येतं. फुटलेलं येतं. कोणी वर्षाने परत आणतं, तोपर्यंत ज्या गोदामातून गेलं ते गोदामच बंद झालेलं असतं. आम्ही त्या वेळी प्रत्येक वेळेला एक ठिगळ लावलं. त्या ठिगळाला दुसरं. आता ती शिवण कुठून कुठे गेलीय ते मलाही माहीत नाही, आणि लिहिणारा मीच. ती ओढली की सगळंच हातात येईल.

"काका, हे जरा जास्तच होतंय," होतंय म्हणाला. "परत येणारा माल असा किती असतो?"

"तू कधी बूट परत केले नाहीस?"

"केले. पण चाळीस? तुम्ही उगाच घाबरवताय. मी सांगतो, वीसच्या वर एक दिवस लागणार नाही."

"मघाशी तू तेरा टाकलेस," शंकासुर म्हणाला. "आत्ता वीस म्हणतोस. अजून पाच मिनिटं बोललो तर चाळीसवर येशील."

"तू गप रे. तू तर तेरा टाकून मोकळा झालास, तू, ज्याला लाइटचं बटणसुद्धा दोनदा दाबून बघावं लागतं."

दोघंही मोठ्याने बोलत होते, आणि मग मीही. होतंय टेबलावर बोट आपटून म्हणाला की काका, तुमची पद्धत जुनी झालीय. मी म्हटलं, पद्धत जुनी आहे म्हणूनच तर ठिगळं कुठे आहेत ते मला माहितीय, तुला घंटा माहीत नाही. खूप दिवसांनी कोणीतरी माझ्याशी भांडत होतं. माझे कान गरम झाले होते, आणि घरी जाऊन हे सांगायचं, होतंय कसा चिडला ते सांगायचं, असं मी मनात जुळवायलाही लागलो. मग आठवलं. पण बोलायचा थांबलो नाही. आजी पत्ते गोळा करून पुन्हा एकेकाला देत होती. माझा गठ्ठा तिने सहज मोजला आणि म्हणाली, "तुमचा एक कमी आहे, काका." मी म्हटलं, माहीत आहे, तो घरी लागतो.

दुसऱ्यांदा उलटले तेव्हा वीस, चाळीस, चाळीस, आणि माझं प्रश्नचिन्ह.

"हे काय आता?" मॅनेजर म्हणाला. "मघाशी तुम्हीच चाळीस म्हणालात."

"चाळीस हाही अंदाजच आहे. मला नक्की माहीत नाही. आधी परत येणाऱ्या मालाचा भाग उसवून बघू द्या. आजी आणि मी बसतो. आतलं दिसल्याशिवाय तारीख दिली तर ती खोटी असेल, आणि यांना ती भोगावी लागेल."

मॅनेजरने पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. त्याच्याही वर कोणीतरी आहे, आणि त्या वरच्याच्याही वर. "ठीक आहे," तो म्हणाला. "तीन महिने सांगत नाही. पण त्यांना काहीतरी सांगावं लागेल मला. निदान तारीख कधी देणार, त्याची तरी तारीख द्या. केव्हा सांगाल?"

सगळे माझ्याकडे बघत होते. दूरवर प्रिंटर थांबला होता.

"शनिवारी," मी म्हणालो.

"शनिवारी ऑफिस बंद असतं, काका," आजी म्हणाली.

"हो," मी म्हटलं. पण मॅनेजरने मान हलवून ते लिहून घेतलं होतं, आणि त्याचा चेहरा जरा सैल पडला होता.